पालथी झोपल्यामुळे

थेंब बेंबीतून आला. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि नंतर कितीही वेळा आठवून बघितलं तरी त्यात काही फरक पडला नाही. मुंगी त्याच्यासमोर उभी होती, कमरेला शाळेचा स्कर्ट, दोन्ही हात वर, कारण तो तिला बनियन घालणार होता. तिचं अंग त्याने नुकतंच पुसलं होतं, टॉवेल अजून त्याच्या खांद्यावरच होता. तिच्या बेंबीच्या खळगीत काहीतरी चमकलं, हळूहळू भरलं, काठाशी जरा थांबलं आणि स्कर्टच्या पट्ट्याकडे ओघळलं. त्याने बोट लावून नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. गेले कित्येक महिने रोज सकाळी ज्या चादरी तो बादलीत भिजवत होता त्यांचाच. त्याने वर पाहिलं. मुंगीचे हात अजून वरच होते. "झोपेत झालं, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "अगं, आत्ता तू उभी आहेस," तो म्हणाला. यावर तिने जरा विचार केला. "हो," ती म्हणाली, "पण पालथी झोपल्यामुळे."

त्याने तिला बनियन घातलं, आत रुमालाची घडी ठेवली, शर्टाची बटणं लावली आणि शाळेच्या बसमध्ये बसवून दिलं. माणसाला असं काही दिसलं तर त्याने निदान मुलीला शाळेत पाठवू नये, हे त्याच्या डोक्यात बस वळल्यावर आलं. ही त्याची झोपायची वेळ. तो रात्रपाळी करून येई तेव्हा बायको बेकरीत जायला निघालेली असे, जिन्यातच दोघांची गाठ पडे, ती भाजीत मीठ घातलंय की नाही एवढं सांगून खाली उतरे. मग मुंगीला उठवणं, आंघोळ, वेणी, शाळा हे सगळं त्याच्याकडे. वेणी तो चांगली घालायचा. मुंगी हे नावही त्यानेच ठेवलेलं, कारण चालायला लागल्यापासून ती भिंतीच्या कडेकडेनेच जायची, खोलीच्या मधून कधी म्हणून जायची नाही. आता तो तिच्या पलंगाच्या काठावर बसला. गादीवरचं मेणकापड त्याच्या वजनाने करकरलं. चादर अर्धी ओली होती, आणि ओलीचा डाग, आज पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, फार वर होता. लहान मुलीच्या पोटाएवढा वर. म्हणजे लक्षात पूर्वीच आलं होतं. त्याचं कारणही त्याने शोधून ठेवलं होतं, आणि ते इतकं बिनतोड होतं की पुन्हा डागाकडे बघायची गरजच उरली नव्हती.

कारणं शोधणं हा त्याचा धंदाच होता. शहराच्या पाणीखात्यात तो गळती शोधायचं काम करायचा. रहदारी ओसरली की लांब पोलादी सळई रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाची वाटी कानाला लावायची, आणि खालच्या नळात पाणी कुठे सुटतंय ते ऐकायचं. यंत्रं आली होती, तीही तो वापरायचा, पण जरा वरमाईच्या तोऱ्यात. त्याला हे काम शिकवणारा एक वस्ताद होता, आता निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेला. त्याने पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसवली होती. ओल दिसते तिथे खणायचं नाही. पाणी नळातून सुटतं एकीकडे, मातीत उताराउताराने वाट काढतं आणि वर येतं भलतीकडेच. एखाद्याच्या दिवाणखान्याची भिंत ओली होते आणि नळ फुटलेला असतो पार कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयापाशी. नवशिके ओलीवर कुदळ मारतात आणि मग अख्खा रस्ता उकरून बसतात. त्याने कधी मारली नव्हती. लोक हातवारे करून सांगत, अहो इथे, इथेच येतंय पाणी, रोज बघतोय आम्ही. तो मान डोलवायचा आणि शांतपणे चालत दुसऱ्या टोकाला जायचा. दाखवणाऱ्याचं बोट नेहमी चुकीच्या जागी असतं, हे त्याला इतकं अंगवळणी पडलं होतं की बोट दिसलं की त्याला आधी हसूच येई.

तसंच हसू त्याला तेव्हाही आलं होतं. पहिल्यांदा गादी ओली झाली ती सकाळ. मुंगी पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभी होती, आणि रडत वगैरे मुळीच नव्हती, हे आता त्याला जास्त लागत होतं. तिला उलट काहीतरी नवल दाखवायचं होतं. "बाबा, शू इथून येते," ती म्हणाली होती, आणि झगा वर करून तिने बोट थेट बेंबीत खुपसलं होतं. अगदी पहिल्या सांध्यापर्यंत. तो हसला. रागावला मुळीच नाही, त्याने मुलीवर कधी आवाज चढवला नव्हता, हात उगारणं तर लांबच, आणि याचा त्याला अभिमान होता. तो समजावून सांगणारा बाप होता. त्याने पेलाभर पाणी आणलं, हातरुमालाचं एक टोक त्यात बुडवलं आणि बाकीचा रुमाल टेबलावर पसरला. "बघ हं," तो म्हणाला. पाणी रुमालात चढत गेलं. मुंगी हनुवटी टेबलाला टेकवून बघत होती. "पाणी वर चढतं?" तिने विचारलं. "चढतं. तू पालथी झोपतेस. शू खाली होते, चादर ती ओढून घेते, आणि पोटापर्यंत नेते. मग तुला वाटतं, पोटातून आली. कळलं?" ती रुमालाकडे बघत राहिली. मग तिने बोट बेंबीतून काढलं. "कळलं," ती म्हणाली.

इतकं चांगलं त्याने आयुष्यात कुणाला काही समजावलं नव्हतं. कामावर त्याने ही गोष्ट रंगवून सांगितली, सगळे खूश झाले, साहेबसुद्धा. फक्त बायको म्हणाली होती, "अहो, पण ती म्हणते बेंबीतून." "अगं, बेंबीतून शू येते का कुणाची?" "मला काय ठाऊक," ती म्हणाली, "मी काय पाणीखात्यात आहे?" आणि दोघंही हसले होते. नंतर मुंगी आणखी दोनचारदा तेच म्हणाली. प्रत्येक वेळी आवाज जरा बारीक. त्याने प्रत्येक वेळी न कंटाळता तेच समजावलं, एकदा तर तिला जमिनीवर पालथी झोपवून, खडूने तिच्याभोवती रेघ मारून, चढ आणि उतार दाखवले. मग एके दिवशी ती स्वतःच म्हणाली, "झोपेत झालं, बाबा. मी पालथी झोपले होते." त्याने तिला शाबासकी दिली. खरं बोलल्याबद्दल. त्या दिवशी त्याने तिला खांद्यावर बसवून जिना उतरवला होता, आणि तिचे पाय छातीवर आपटत होते ते त्याला अजून जाणवत होते.

संध्याकाळनंतर पाणी बंद, हा नियमही त्याचाच. पुरवठा बंद म्हणजे गळती बंद, तो गमतीने म्हणायचा. मुंगी दात घासताना चूळ भरायला फार वेळ लावायची. नळ वाहता ठेवून ती आत काय करते हे त्याला माहीत होतं, तो मुद्दाम तिकडे जायचा नाही, आणि याला तो मनातल्या मनात स्वतःचा दयाळूपणा समजायचा. तिला तहान लागायची. साधी गोष्ट होती. बाप पाणीखात्यात आणि मुलगी न्हाणीघरात चोरून पाणी पिते. पलंगाच्या काठावर बसून त्याला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. ती काही फार वेळ टिकली नाही, कारण लगेच भीती आली आणि तिने बाकी सगळं बाजूला सारलं. बेंबीतून शू येते म्हणजे आत काय झालंय? माणसाचं काय फुटतं तेव्हा असं होतं?

दुपारी बायको आली तेव्हा तो तसाच बसलेला. तिच्या केसांत मैदा होता. त्याने सांगितलं. तिने आधी पिशवी खाली ठेवली, मग चपला काढल्या, मग त्या नीट जोडीने लावल्या. "तिने सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आणि तो काही बोलायच्या आत, "मलाही सांगितलं होतं." ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त जुनं एक बोलली, की मुंगी तान्ही असताना नाळ पडल्यावर बेंबी सुकतच नव्हती, आठवतंय का? त्याला आठवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितलं होतं, बेंबीत एवढंसं लाल मांस वाढलंय म्हणाले होते, आणि औषधाच्या काडीने ते जाळलं होतं. दोनतीनदा. काडी लावली की जागा काळी पडायची. मग सुकलं. सगळे म्हणाले, झालं बरं, आणि त्याने त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना गोड खायला आणलं होतं. वरचं तोंड बुजवलं की गळती थांबली असं समजणाऱ्याला त्याने कामावर उभं केलं नसतं.

तेच डॉक्टर अजून त्याच दवाखान्यात बसत. ते मुंगीला पोटात असल्यापासून ओळखायचे, म्हणजे तसं ते सगळ्यांनाच सांगत. निघताना बायकोने मुंगीला बाथरूमला पाठवलं. कुठेही निघताना आधी जाऊन यायचं, ही घरातली शिस्त, आणि तिथेच घोळ झाला, कारण टेबलावर झोपवल्यावर बेंबी कोरडी ठणठणीत. डॉक्टरांनी दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, काही नाही. "काय गं, कुठून येते शू?" त्यांनी विचारलं. मुंगीने छताकडे बघत पाठ केल्यासारखं सांगितलं, "खालून येते. मी पालथी झोपते, म्हणून चादर ओढून घेते." डॉक्टर कौतुकाने हसले. "हुशार आहे. अहो, होतं असं, सवय असते, जाईल वाढत्या वयात." तो म्हणाला, "नाही डॉक्टर, मी स्वतः पाहिलंय, बेंबीतून थेंब आला." "आंघोळीचं पाणी असेल राहिलेलं." "वास घेतला मी." डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे त्याला बरोबर कळलं, कारण रस्त्यावर हातवारे करणाऱ्या लोकांकडे तो स्वतः तसाच बघायचा. आणि मुंगी टेबलावर उताणी पडून एकदा त्याच्याकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत होती. बाबा आज वेगळंच काहीतरी सांगत होते. तिची गडबड उडाली. "मीच केलं," ती डॉक्टरांना म्हणाली. तिला वाटलं असावं की कुणीतरी कबूल केल्याशिवाय हे संपणार नाही.

ते संपलं नाही. त्याच आठवड्यात मुंगीला ताप भरला, बेंबीखालची कातडी लाल झाली, हात लावला की गरम, आणि बनियनला आता पिवळं लागायला लागलं. तिने दुखतंय असं एकदाही म्हटलं नाही. ती फक्त भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली, आणि कुणी विचारलं की म्हणायची, नाही. मोठ्या इस्पितळात मुलांची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनबाई होत्या. बुटक्या, आवाज घोगरा, हाताची नखं अगदी मुळाशी कापलेली. त्यांनी मुंगीला तोच प्रश्न विचारला आणि मुंगीने तेच उत्तर दिलं. बाई हसल्या नाहीत. "हे तुला कुणी सांगितलं?" "बाबांनी," मुंगी म्हणाली. "बाबांना पाण्याचं सगळं कळतं." बाईंनी वर बघितलं नाही, एवढे उपकार केले. जमीन दुभंगून त्याला पोटात घेती तर त्याने आनंदाने उडी मारली असती, पण इस्पितळाची फरशी चांगली जाड होती, आणि तो तिच्यावरच उभा राहिला.

सोनोग्राफीसाठी लघवीची पिशवी भरलेली असायला हवी होती. तिथल्या बाईंनी पाण्याची बाटली मुंगीच्या हातात दिली आणि सांगितलं, प्यायचं, जेवढं जाईल तेवढं. बाहेर संध्याकाळ होती. मुंगीने आधी त्याच्याकडे पाहिलं. "पी," तो म्हणाला. ती प्यायला लागली आणि थांबेचना, गळ्यातून आवाज येत होता, बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग अंधाऱ्या खोलीत मुंगीच्या पोटावर थंडगार चिकट औषध पसरलं गेलं. सोनोग्राफीच्या बाईंचा हात फार हलका होता. दाबलं की ती बारीक वाट चपटी होऊन दिसेनाशी होते, त्या म्हणाल्या, म्हणून नुसतं टेकवायचं. तो पडद्याकडे बघत होता. करड्या रंगाच्या पाऊसपाण्यासारख्या त्या चित्रात त्याला काही कळेना, पण बाईंचा हात कळला. सळई अशीच धरायची असते. खाली काळी गोल पिशवी, आणि तिच्या माथ्यावरून निघून सरळ वर बेंबीपर्यंत गेलेली एक बारीक काळी रेघ. मध्ये एका जागी फुगलेली. "हे बघा," बाई म्हणाल्या. सरळ. ना चढ, ना उतार, ना वळण. पाणी जिथे दिसत होतं तिथेच येत होतं.

सर्जनबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. मूल पोटात असतं तेव्हा लघवीच्या पिशवीपासून बेंबीपर्यंत एक नळी असते. जन्मायच्या आधी ती मिटते, वाळते, तिची दोरी होते. आपल्या सगळ्यांच्या पोटात ती दोरी आहे, तुमच्याही. काही मुलांत नळी पुरती मिटत नाही. तान्ह्या बाळात कधीकधी आपणहून मिटते, तेव्हा आम्ही वाट बघतो. हिची वरून बंद झाली, आतून राहिली, आणि मग पुन्हा वाट झाली. "खाली कुठे अडथळा आहे का तेही बघावं लागेल," बाई म्हणाल्या, "खालचा रस्ता अडला तर पाणी वरून जायला बघतं." एवढं मात्र त्याला बाईंच्या आधी कळलं. आता आत पू झालाय. आधी औषधांनी तो घालवायचा, मग काही आठवडे थांबायचं, आणि जागा शांत झाली की नळी अख्खी काढायची, पिशवीच्या माथ्याच्या छोट्याशा तुकड्यासकट. थोडी मागे ठेवली तर पुन्हा त्रास होतो. "लगेच का नाही काढत?" बायकोने विचारलं. "सुजलेल्या जागी टाके धरत नाहीत," बाई म्हणाल्या. त्याला एक प्रश्न विचारायचा होता. "पाणी कमी प्यायला दिलं, त्याने झालं का हे?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "नळी जन्मापासूनची आहे," त्या म्हणाल्या. मग, जरा थांबून, "पाणी भरपूर द्या."

मधले आठवडे विचित्र गेले. ताप उतरला, लाली गेली, मुंगी शाळेत जाऊ लागली. तो रोज तिला सांगायचा की चूक तिची नव्हती, ती खरं बोलत होती, बाबाच चुकले. तो हेही फार चांगलं समजावून सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "कळलं." हा शब्द ऐकला की तो पुन्हा पहिल्यापासून समजावू लागायचा. कामावर तो सळई कानाला लावून उभा राही आणि खालचं पाणी त्याला ऐकू यायचं, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच असे. एकदा एका म्हाताऱ्याने इथे, इथेच येतंय असं म्हणून बोट दाखवलं आणि त्याने मुकादमाला सांगून तिथेच खणायला लावलं. नळ तिथे नव्हता. तो पार पलीकडच्या गल्लीत फुटलेला निघाला. साहेबांनी नुसता खांदा थोपटला, मुलगी आजारी आहे हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे वस्तादाचं खरंच होतं. सगळीकडे खरं होतं, मुंगीच्या पोटाएवढी जागा सोडून.

ऑपरेशनच्या आधी एक तपासणी झाली. बारीक नळीने तिच्या लघवीच्या पिशवीत निळं औषध भरलं आणि बेंबीवर पांढऱ्या कापडाची घडी ठेवली. रंग घालून गळती शोधतात हे त्याला नवीन नव्हतं, पाण्याच्या टाक्यांसाठी त्याच्या खात्यातही तेच करायचे. नळी घालताना मुंगीने त्याचा अंगठा घट्ट धरला होता, रडली नाही. "निळं येईल?" तिने हळूच विचारलं. "येईल बहुतेक." "कुठून?" तो म्हणाला, "तूच सांग." तिने अंगठा आणखी घट्ट धरला. त्याला वाटत होतं, आता येईल, ते कापड निळं होईल, आणि ते बघून हिला सगळं परत मिळेल, बघा, मी म्हणत होते ना, असं काहीतरी ती म्हणेल, बोट दाखवेल, चिडेल सुद्धा. तिने चिडावं अशी त्याची फार इच्छा होती. कापडाच्या मधोमध एक निळा ठिपका उमटला आणि पसरत गेला. रुमालात पाणी चढलं होतं तसाच. "हे बघ मुंगे," तो म्हणाला. तिने मान उचलून ठिपका पाहिला, नीट पाहिला. मग ती परिचारिकेला म्हणाली, "सॉरी हं. कापड खराब झालं."

खाली अडथळा नव्हता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या, सगळी नळी निघाली म्हणाल्या, आणि त्याला एका बाटलीत तिचा तुकडा दाखवला, पेन्सिलीच्या शिशाहून जरा जाड. एवढ्याशा गोष्टीसाठी, त्याच्या मनात आलं. पोटातल्या पिशवीला टाके होते, ते जुळेपर्यंत ती रिकामी राहायला हवी, म्हणून मुंगीला लघवीची नळी लावून ठेवली होती आणि खाटेच्या कडेला लघवी साठवायची प्लास्टिकची पिशवी टांगली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको जरा घरी गेली होती, तो खाटेशी बसला होता. मुंगी डोळे मिटून पडली होती. चेहरा पांढराफटक. ओठांवर घाम. "दुखतंय का गं?" "नाही." परिचारिका येऊन गेली, तिनेही विचारलं, तिलाही नाही. त्याचं लक्ष टांगलेल्या पिशवीकडे गेलं. सकाळपासून होती तेवढीच होती. चादर बाजूला करून तो हाताने नळीचा माग काढत गेला. मुंगीच्या मांडीखाली ती दुमडून चपटी झाली होती. त्याने मांडी उचलून नळी सरळ केली, आणि नळीतून लघवी अशी धावली की पिशवी खाटेच्या दांडीवर हलली. मुंगीचं अंग सैल पडलं, तिने तोंड उघडून श्वास सोडला. म्हणजे दुखत होतं. भयंकर दुखत असणार. "मी मुद्दाम नव्हतं दाबलं," ती डोळे न उघडता म्हणाली. त्याने परिचारिकेला बोलावलं, तिने सर्जनबाईंना. बाईंनी टाके तपासले, टाके शाबूत होते. जाताना त्या त्याला दाराशी घेऊन गेल्या. "आणखी उशीर झाला असता तर पिशवीचे टाके उसवले असते," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावरही लक्ष ठेवा. ताप, लाली, दुखणं. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला दिसतील. तिसरी फक्त तिलाच कळते. ती सांगते ना?"

ती सांगेल, असं तो म्हणाला.

घरी आल्यावर चादरी कोरड्या राहू लागल्या. मेणकापड बायकोने गुंडाळून माळ्यावर टाकलं. मुंगी उताणी झोपायची, हात अंगाशी, कुणी तसं सांगितलं नव्हतं तरी. सकाळी तो कामावरून आला की ती डोळे उघडायच्या आत म्हणायची, "कोरडं आहे." तो चादर तपासत नसे, पण ती उठून बाजूला उभी राही, तपासता यावं म्हणून. तिच्या उशाशी त्याने पाण्याचा तांब्या ठेवला होता. तो सकाळी भरलेलाच असे. बेंबीखाली आता एक बारीक गुलाबी रेघ होती, छान भरत आलेली, आणि बेंबी कोरडी होती, इतर कुणाही पोराची असते तशी. शेजारपाजारचे म्हणाले, सुटलात एकदाचे. तोही हो म्हणायचा. कानाने कमावून खाणारा माणूस तो. हातभर डांबर आणि त्याखालच्या मातीतून नळ काय म्हणतो ते त्याला कळायचं, आणि हातभर अंतरावरून मुलगी नाही म्हणायची त्यातलं त्याला काहीच कळत नव्हतं. ते नाही तिचं होतं की त्याचं, हेसुद्धा.

त्या सकाळी ती पलंगावर बसून मोजा चढवत होती आणि वाकताना मध्येच थांबली. फार थोडी. कदाचित मोज्याचं टोक सापडत नसेल. तो तिच्यासमोर खाली बसला. "दुखतंय का गं?" त्याने विचारलं. तिने मोजा तसाच हातात ठेवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, कपाळ, डोळे, तोंड.

"दुखायला हवंय का, बाबा?" तिने विचारलं.

जखम भरताना आतून थोडं ओढल्यासारखं होतं, हे त्याला माहीत होतं, बाईंनी सांगितलं होतं, आणि त्याला ते सोपं करून सांगताही आलं असतं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. "मला नाही माहीत," तो म्हणाला. "ते तुझ्या पोटात आहे. तुलाच माहीत."

खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला, तो उठला नाही. तिला काहीतरी आठवायचं असल्यासारखे तिचे डोळे बारीक झाले.

"थोडं," ती शेवटी म्हणाली.

"कुठे?"

तिने मोजा बाजूला ठेवला. बोट पुढे केलं, पोटाकडे नेलं, आणि शर्टाला टेकवायच्या आधी, मध्येच, हवेत थांबवलं. मग ते बोट तसंच धरून ती त्याच्या तोंडाकडे बघायला लागली.

"इथे?" तिने विचारलं.